स्फोट खाली, हादरा आयनांबरात

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी टेक्सासमधून सुटलेलं स्टारशिप रॉकेट मेक्सिकोच्या आखातावर फुटलं. पुढच्या वर्षी रशियातल्या इर्कुत्स्कच्या संशोधकांनी त्या स्फोटाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘रॉकेटनं आकाशाला भोक पाडलं’ असे मथळे जगभर झळकले. कुठं रॉकेट फुटलं की तो मथळा आजही व्हॉट्सॲपवर वर येतो आणि त्याच्या मागोमाग ठरलेले प्रश्न येतात. ओझोनला भोक पडलं का? उन्हाळा यामुळंच वाढला का? आणि कोल्हापुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न: पंचगंगेच्या पुराशी याचा काही संबंध आहे का?

या प्रश्नांमागची काळजी खरी आहे. गोंधळ होतो तो सरमिसळीमुळं. मोठ्या स्फोटानं वरच्या वातावरणात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. ते हलतं, किंवा त्यातले इलेक्ट्रॉन घटतात, किंवा त्यात भलतेच इलेक्ट्रॉन वाढतात. बातम्यांत या तिन्हींना एकच ‘भोक’ म्हणतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या की कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे आपोआप कळतं.

तिथं वर आहे तरी काय?

पन्हाळा समुद्रसपाटीपासून एक किलोमीटरसुद्धा उंच नाही. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात. पावसाळ्यातल्या मोठ्यात मोठ्या ढगाचा माथा पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास संपतो. ओझोनचा दाट थर त्याच्या वर, वीस-तीस किलोमीटरवर. आपण बोलतोय ते आयनांबर याच्या कितीतरी वर, साधारण ६० किलोमीटरपासून सुरू होतं आणि शेकडो किलोमीटर पसरतं.

तिथली हवा अतिशय विरळ. सूर्याचे अतिनील आणि क्ष किरण तिथल्या अणूंवर आदळतात आणि त्यांच्यातला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. असे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन जिथं मुबलक आहेत ते आयनांबर. त्यांची सर्वात दाट गर्दी २५० ते ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात असते. तरीही ‘गर्दी’ हा शब्द बेतानंच घ्यायला हवा, कारण तिथंसुद्धा हजार अणूंमागं जेमतेम एखादाच विद्युतभारित असतो. रेडिओलहरी वळवायला, परतवायला आणि रेंगाळवायला तेवढे पुरतात. ज्यांनी रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावला असेल, त्यांनी आयनांबराचा फायदा घेतलेला आहे. कोलंबोहून निघालेली लहर वर जाऊन, तिथून परत फिरून आपल्या ट्रान्झिस्टरपर्यंत यायची.

रात्री सूर्य नसतो, त्यामुळं इलेक्ट्रॉन हळूहळू पुन्हा आयनांना जाऊन मिळतात आणि त्यांची संख्या उतरते. सकाळी ती परत चढते. म्हणजे हा थर रोज घटतो आणि रोज भरतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, भोकाची भीती घालवायला ती उपयोगी पडेल.

जमिनीवरचा धक्का तीनशे किलोमीटर वर कसा पोचतो?

यातला सगळ्यात सुंदर भाग हा. एरवी आवाज जितका लांब जाईल तितका क्षीण होतो. मग जमिनीवर झालेला स्फोट अवकाशाच्या उंबऱ्यापर्यंत जाणवतो कसा?

पोतराजाच्या हातातला आसूड आठवा. मुठीजवळ तो मनगटाएवढा जाड असतो आणि शेवटाकडं निमुळता होत होत दोरीएवढा उरतो. पोतराज हाताला झटका देतो तो काही फार जोराचा नसतो. पण ती लाट जाड भागाकडून बारीक भागाकडं सरकते तशी तेवढ्याच जोरावर कमी वजन हलवायचं असतं, म्हणून वेग वाढत जातो. टोकाला तो इतका वाढतो की आवाजाच्या वेगालाही मागं टाकतो, आणि म्हणूनच फटकन् आवाज निघतो.

वातावरणही असंच निमुळतं आहे. वर जाताना दर सोळा-सतरा किलोमीटरला हवेची घनता साधारण दहाव्या भागावर येते. १०० किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेच्या सुमारे वीस लाखाव्या भागाएवढी उरते. खालून निघालेल्या लाटेची ऊर्जा तीच, पण हलवायला हवाच नाही. त्यामुळं हवेच्या कणांचं पुढं-मागं होणं वाढत जातं. निव्वळ गणित केलं तर तेवढ्या उंचीवर ते हजारपटींहून अधिक होतं. जमिनीवर ज्या लाटेनं झाडाचं पानही हललं नसतं, ती वर मोठी खळबळ होते.

अर्थात प्रत्येक आवाज वर पोचत नाही. कानाला ऐकू येणारे आवाज जलद कंपनांचे असतात आणि विरळ हवा ती कंपनं वाटेतच गिळते. वर पोचतात त्या संथ लाटा, ज्यांचा एक हेलकावा पूर्ण व्हायला काही मिनिटं लागतात. अशा लाटा उठवायला मोठी, रुंद, ताकदवान घटना लागते: ज्वालामुखी, मोठा भूकंप, उल्केचा स्फोट, नाहीतर हजारो टन स्फोटकं. सरळ वर निघालेली लाट आठ-दहा मिनिटांत आयनांबराच्या दाट भागात पोचते. तिथं हलणारी साधी हवा आयनांना आणि इलेक्ट्रॉनांना सोबत ओढते. विद्युतभारित कण मात्र पृथ्वीच्या चुंबकीय रेषांनी बांधलेले असतात, त्यामुळं ते सगळीकडं सारखे ओढले जात नाहीत. काही दिशांना लाट ठळक उमटते, काही दिशांना जवळजवळ दिसतच नाही.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट एकदम उडालं. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या आणि आपल्या राउरकेलाच्या एनआयटीच्या संशोधकांनी उपग्रहांच्या संकेतांवरून त्याचा वरचा ठसा शोधला. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगानं दक्षिणेकडं निघालेली लाट त्यांना आयनांबरात सापडली.

याहून जुना पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. लंडनजवळच्या स्लाव इथं तेव्हा रोज आयनांबराची नोंद घेतली जायची. २०१८ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या क्रिस स्कॉट आणि पॅट्रिक मेजर यांनी त्या जुन्या वह्या काढल्या आणि युरोपवर झालेल्या १५२ मोठ्या बॉम्बहल्ल्यांच्या वेळांशी ताडून पाहिल्या. एकेका हल्ल्याची ऊर्जा किमान ३०० विजांएवढी होती. हल्ल्यांनंतर हजार किलोमीटर लांबच्या इंग्लंडवरचं आयनांबरही थोडं दुबळं पडलेलं दिसलं. धक्क्याच्या लाटांनी वरची हवा तापली आणि इलेक्ट्रॉन लवकर नाहीसे झाले, असा त्यांचा निष्कर्ष. बर्लिनमध्ये पडलेल्या बॉम्बची खूण कुणालाही न कळता वरच्या हवेत उमटली होती आणि पंचाहत्तर वर्षं कागदांत पडून होती. नोंदी नेमानं ठेवाव्यात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग ‘भोक’ म्हणजे काय?

भोक ही दुसरी गोष्ट. इथं हवा फाटत नाही की बाजूला सरत नाही. हवा जिथल्या तिथं असते, तिच्यातले सुटे इलेक्ट्रॉन तेवढे कमी होतात. त्यामागं बहुतेक वेळा रसायन असतं.

त्या उंचीवरचे बरेचसे आयन ऑक्सिजनच्या सुट्या अणूंचे असतात. असा आयन आणि इलेक्ट्रॉन यांची थेट जोडी जुळायला फार वेळ लागतो, म्हणून रात्रीसुद्धा थर पुरता नाहीसा होत नाही. पण तिथं पाण्याची वाफ सोडली की गणित बदलतं. वाफेचा रेणू ऑक्सिजनच्या आयनाकडून विद्युतभार उचलतो आणि मग इलेक्ट्रॉनशी झटकन जुळतो. तेच काम शेकडो-हजारपट वेगानं होतं. रॉकेटच्या इंजिनातून तर वाफच वाफ निघते. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब हे अवकाशस्थानक घेऊन गेलेल्या सॅटर्न रॉकेटनं असंच हजारेक किलोमीटर पसरलेलं भोक पाडलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी फाल्कन ९ नं सुमारे ९०० किलोमीटर रुंदीचं भोक पाडलं. तेव्हा ना ओझोनला धक्का लागला, ना हवामानाला.

मग २०२३ च्या स्टारशिपचं एवढं काय? त्यात लाट आणि भोक दोन्ही एकदम आली. खालचा बूस्टर सुमारे ९० किलोमीटरवर आणि वरचं यान सुमारे १५० किलोमीटरवर, म्हणजे थेट आयनांबरात फुटलं. एरवी असं भोक इंजिनाच्या वाफेनं पडतं. इथं ते स्फोटाच्या पाठोपाठ पडलेलं दिसलं, म्हणून अभ्यासक दचकले. जमिनीवरच्या अडीच हजारांहून जास्त जीपीएस केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ध्वनीहून वेगानं जाणाऱ्या शंकूच्या आकाराच्या लाटा आणि मागं उरलेली पोकळी दिसली. ती पोकळी अर्धा-पाऊण तास टिकली आणि भरून आली. सूर्य उगवला होता आणि नवे इलेक्ट्रॉन तयार करण्याचं त्याचं काम चालूच होतं.

आणि अणुबॉम्ब?

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेनं प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अणुस्फोट केला. नाव होतं स्टारफिश प्राइम. तेवढ्या उंचीवर दणका द्यायला हवाच नसते. तिथं काम करतो तो किरणोत्सर्ग. गॅमा किरणांनी हवेतून इलेक्ट्रॉन उडवले, त्यातून जबर विद्युतचुंबकीय झटका निघाला आणि सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या हवाईत रस्त्यावरचे शेकडो दिवे गेले. वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून पडले आणि पृथ्वीभोवती किरणोत्सर्गाचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला. ब्रिटनचा एरियल १ आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार या उपग्रहांना त्या पट्ट्यानं इजा केली.

ही इजा पाऊण तासात भरून येणारी नव्हती. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला आणि भारतानंही त्यावर सही केली. पोखरणच्या आपल्या दोन्ही वेळच्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, त्या या चौकटीतच. आज पृथ्वीभोवती हजारो उपग्रह फिरतात. तो करार मोडला तर काय होईल, याची काळजी मला कुठल्याही रॉकेटच्या भोकापेक्षा शंभरपट जास्त वाटते.

पण हे सगळं इतक्या लांब. कोल्हापूरला त्याचं काय?

करवीर किंवा कागल तालुक्यात कुठंही जमिनीची मोजणी चालू असेल तिथं जाऊन बघा. मोजणीदाराच्या हातात आता साखळी नसते, काठीवर बसवलेला रोव्हर असतो. तो उपग्रहांचे संकेत घेतो, जवळच्या कायमस्वरूपी केंद्राकडून दुरुस्ती घेतो आणि पडद्यावर ‘फिक्स’ आलं की जागा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पक्की होते. ‘फ्लोट’ असेल तोवर वाट बघायची. दोन भावांचा बांध नेमका कुठून जातो हे ठरत असताना हातभराची चूक म्हणजे पुढच्या पिढीपर्यंतची कोर्टकचेरी, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

आता त्या संकेताचा रस्ता बघा. तो वीस हजार किलोमीटर वरून येतो आणि आयनांबरातून येताना इलेक्ट्रॉनांमुळं रेंगाळतो. वाटेतले इलेक्ट्रॉन मोजायचं एक एकक आहे: एक चौरस मीटर पायाच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. जीपीएसच्या नेहमीच्या लहरीत असं एक एकक वाढलं की अंतर १६ सेंटिमीटर चुकतं, म्हणजे वीतभराला थोडं कमी. आपल्या अक्षांशावर भर दुपारी अशी कित्येक एककं असतात आणि चूक काही मीटरांवर जाते. रोव्हर दोन वेगवेगळ्या लहरी ऐकतो. आयनांबर त्या दोघींना वेगवेगळं रेंगाळवतं, त्या फरकावरून चूक काढून टाकता येते. आयनांबर शांत असलं की हे उत्तम जमतं. ते हेलकावत असलं, एका केंद्रावर वेगळं आणि शेतावर वेगळं असलं, की ‘फिक्स’ यायला वेळ लागतो.

लांबच्या स्फोटानं इथं हेलकावे येतात का? १५ जानेवारी २०२२ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी पावणेदहाच्या सुमारास, प्रशांत महासागरात टोंगाजवळचा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. राखेचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला. त्यातून निघालेली हवेच्या दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३१५ मीटर वेगानं पृथ्वीला फेऱ्या मारत राहिली. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा जगभरच्या वायुभारमापकांवर अशीच लाट नोंदली गेली होती. टोंगा ते कोल्हापूर अंतर सुमारे १२,७०० किलोमीटर. भागाकार केला तर ती लाट त्या रात्री नऊच्या आसपास रंकाळ्यावरून गेली. कुणाला काही कळलं नाही, आणि कळण्याजोगं काही नव्हतंही. पण त्या संध्याकाळी भारतावरच्या आयनांबरात ठळक बुडबुडे उठले, आणि त्यांचा टोंगाच्या उद्रेकाशी संबंध असल्याचं भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं.

‘बुडबुडे’ म्हणजे इलेक्ट्रॉन विरळ झालेले प्रचंड पट्टे. विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर ते उठतात आणि उत्तर-दक्षिण पसरतात. एरवीही मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते जास्त दिसतात. त्यांच्या कडांवर उपग्रहाचा संकेत लुकलुकतो, कधी तुटतोही.

हे कोल्हापुरातून दिसतं का?

दिसतं, आणि ही गोष्ट आपल्याच शहरात फार थोड्यांना माहीत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. १९९९ मध्ये तिथं एक रडार उभं राहिलं. विमानतळावरच्या रडारसारखं ते फिरत नाही. मैदानात रोवलेल्या अँटेना सुमारे दोन मेगाहर्ट्झची लहर सरळ वर सोडतात, आणि त्रिकोणात मांडलेल्या दुसऱ्या अँटेना ८० ते ९८ किलोमीटरवरून आलेला प्रतिध्वनी ऐकतात. तिन्ही ठिकाणी तो किंचित वेगळ्या वेळी येतो. त्या फरकावरून एवढ्या उंचीवर वारा कुठल्या दिशेला किती वेगानं वाहतोय हे निघतं.

त्याच्या जोडीला सगळं आभाळ एका चौकटीत घेणारा कॅमेरा. रात्री वरची हवा डोळ्याला न दिसणाऱ्या मंद तांबड्या प्रकाशात उजळलेली असते. कॅमेरा तेवढाच प्रकाश गाळून टिपतो. बुडबुडे त्यात काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात, हळूहळू पूर्वेकडं सरकणारे. विषुववृत्ताच्या फार जवळ नाही आणि फार लांबही नाही अशा जागी कोल्हापूर असल्यानं ते इथून नीट बघता येतात.

खाणीतले सुरुंग, दिवाळीचे फटाके?

नाही. बैरूतमध्ये हजारो टन माल एका क्षणात उडाला, तेव्हा कुठं वर ठसा उमटला. खाणीतला सुरुंग खडक फोडण्यात खर्ची पडतो आणि तोही टप्प्याटप्प्यानं उडवतात. फटाक्यांचा धूर आणि आवाज आपल्या फुप्फुसांना आणि कानांना बाधतो, आयनांबराला नाही.

वळीव मात्र तिथवर पोचतो. एप्रिल-मेच्या दुपारी काळे ढग उभे राहतात, तासाभरात पंधरा किलोमीटर चढतात आणि गारांसकट कोसळतात. ती उसळी वरच्या हवेला खालून ढुसणी देते. त्यातून उठणाऱ्या लाटा ८०-९० किलोमीटरपर्यंत चढू शकतात आणि असल्या कॅमेऱ्यांत सुरकुत्यांसारख्या उमटतात.

पूर, ढगफुटी यांच्याशी संबंध?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना कारण हवं असतं, आणि ते मिळण्याचा त्यांना हक्क आहे. पण ते कारण आयनांबरात नाही. आपला पाऊस तळाच्या सोळा-सतरा किलोमीटरांत घडतो. ८० किलोमीटरच्या वर मिळून वातावरणाच्या वजनाचा साधारण एक लाखावा भाग उरतो. खालचा धक्का वर मोठा होतो तो हवा विरळ होत जाते म्हणून, आणि त्याच कारणानं वरचा धक्का खाली येईपर्यंत जिरून जातो. वरून पाऊस पाडता येईल अशी ताकदच तिथं नाही. पुराची कारणं घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांचे विसर्ग आणि नदीच्या पूररेषेतली बांधकामं यांत शोधायला हवीत. ‘रॉकेटनं पूर आणला’ असं म्हणत बसलो तर ते प्रश्न विचारायचे राहून जातात.

मग याचा उपयोग काय?

खालचं वर उमटतं, म्हणजे वर बघून खालचं कळू शकतं. उत्तर कोरियानं २००९ मध्ये जमिनीखाली केलेल्या अणुचाचणीचा माग संशोधकांनी जीपीएसच्या नोंदींतून काढला. त्याहून महत्त्वाची आहे त्सुनामी. भर समुद्रात तिची उंची हात-दोन हातच असते, पण शेकडो किलोमीटर लांबीचा पाण्याचा पृष्ठभाग एकदम वर-खाली होतो आणि हवेला ढकलतो. नासाची ‘गार्डियन’ नावाची प्रणाली जगभरच्या केंद्रांवरून हे हेलकावे काही मिनिटांत ओळखते. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा हवाईच्या किनाऱ्याला लाट लागण्याच्या साधारण अर्धा तास आधी तिनं आयनांबरातली खूण पकडली होती.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या सकाळीही इंडोनेशिया-थायलंडमधल्या जीपीएस केंद्रांवर आयनांबराचे हेलकावे नोंदले गेले होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट भूकंपानंतर दोन-अडीच तासांनी आली. नोंदी होत्या, पण त्या तेव्हाच्या तेव्हा वाचायची सोय नव्हती. आज एकट्या महाराष्ट्रात सर्व्हे ऑफ इंडियाची ७० हून अधिक कायमस्वरूपी केंद्रं दिवसरात्र उपग्रह ऐकत असतात, आणि आपला रोव्हर त्यांच्याकडूनच दुरुस्ती घेतो. बांध ठरवण्यासाठी जमा होणाऱ्या त्याच संकेतांत समुद्राची, ज्वालामुखीची आणि स्फोटांची खूणही येते. ती लगोलग वाचून किनाऱ्याला कळवण्यासाठी नवी केंद्रं उभारायची गरज फारशी नाही. आहेत त्या केंद्रांच्या नोंदी त्सुनामीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला त्याच क्षणी मिळायला हव्यात.